तोंडवळा सारखा, घराणे वेगळे

एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, देशभर चार दिवसांचा ‘टीका उत्सव’ झाला. ११ एप्रिलच्या महात्मा फुले जयंतीपासून १४ एप्रिलच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीपर्यंत जास्तीत जास्त लोकांना लस टोचायची, असा तो कार्यक्रम होता. हिंदी वाचकाला त्या नावात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. मराठी वाचक मात्र थबकला. मराठीत टीका करतात, टीका होते, टीका झेलावी लागते. ती दंडात टोचून घेत नाहीत.

हा एकाच शब्दाचा वेगळा अर्थ नव्हे. हे दोन शब्द आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मराठीतली ‘टीका’ संस्कृतातून आली. मूळ ग्रंथावरचे विवरण म्हणजे टीका; ज्ञानेश्वरांची भावार्थदीपिका ही गीतेवरची टीकाच. विवरण करणारा गुणांबरोबर दोषही दाखवतो, आणि मराठीत हळूहळू दोष दाखवणे तेवढे त्या शब्दात उरले. हिंदीतला ‘टीका’ वेगळ्या वाटेने आला. तो कपाळावरच्या टिळ्याचा, प्राकृतातल्या ‘टिक्क’ या शब्दाचा वंशज. देवीची लस टोचली की दंडावर जी खूण राहते, ती हिंदी भाषकांना टिळ्यासारखी वाटली आणि लसीलाच ते नाव मिळाले. मराठीने त्याच उपचाराकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. फोडातून येणाऱ्या पातळ द्रवाला आपल्याकडे ‘लस’ म्हणत. तीच टोचायची, म्हणून लस. लिंगावरूनही फरक कळतो: टिळ्याचा वंशज तो टीका, विवरण करणारी ती टीका. कान जागा असेल तर एवढी खूण पुरते.

भाषांच्या सीमेवर असे शब्द पावलोपावली भेटतात, आणि मराठी तर सीमेवरचीच भाषा आहे. उत्तरेला हिंदी आणि गुजराती, दक्षिणेला कन्नड आणि तेलुगू, समुद्राकडून अरबी, फारसी, पोर्तुगीज. एवढ्या शेजारात राहणाऱ्या भाषेच्या लोकांनी शब्दांच्या दिसण्याबद्दल सर्वांत सावध असायला हवे. प्रत्यक्षात आपण उलटे वागतो. शब्द ओळखीचा दिसला की तो आपलाच, त्याचा अर्थ तोच आणि त्याचे मूळही ठाऊक असलेलेच, असे धरून चालतो. या सवयीमुळे आपल्या सार्वजनिक मराठीचे रोज नुकसान होते आहे.

मुंबईचेच पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी ठाण्याकडे निघाली ती बोरीबंदरवरून. या नावातले ‘बंदर’ फारसी आहे. इराणच्या किनाऱ्यावरच्या बंदर अब्बासमध्ये आहे तेच. हिंदीत बंदर म्हणजे माकड, आणि तो संस्कृत ‘वानर’चा झिजलेला अवतार. एक शब्द जहाजांबरोबर आला, दुसरा घरातच प्राकृताच्या मुशीतून निघाला. उच्चारात दोघे तंतोतंत जुळले हा निव्वळ योगायोग.

‘खाली’चेही तसेच. लोकलमध्ये चौथ्या सीटकडे बोट दाखवून कोणी “खाली है?” विचारतो तेव्हा तो अरबी शब्द वापरत असतो. तिथे खाली म्हणजे रिकामे; तबल्यावर टाळीच्या समोर येणारी खाली तीच. “पिशवी खाली ठेवा” यातली खाली मात्र ‘खालचा’, ‘खालून’, ‘खालावणे’ यांच्या गोतावळ्यातली. आता मराठी माणूसही “रिक्षा खाली आहे का?” असे विचारतो. त्याला तक्रार म्हणून नोंदवण्याचे कारण नाही. भाषा शेजाऱ्याकडून घेतच असतात. फक्त ‘रिकामी’ हा शब्द आपल्या तोंडातून निघून चालला आहे, एवढे लक्षात यावे.

ज्या शब्दांचे मूळ खरोखर एक आहे, त्यांनी तर आणखी सावध करावे. ‘अवकाश’ हा एकच संस्कृत शब्द घेऊन उत्तरेकडून दक्षिणेकडे निघाले तर काय दिसते? हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. शाळेला ग्रीष्मावकाश मिळतो. मराठीत आणि गुजरातीत अवकाश म्हणजे अंतराळ, म्हणून अवकाशयान. शिवाय मराठीत “लग्नाला अजून अवकाश आहे” असेही आपण म्हणतो. कन्नड आणि तेलुगूत तो संधी होतो. आणि केरळात पोचेपर्यंत अवकाश म्हणजे हक्क: मानवी हक्कांना मल्याळममध्ये ‘मनुष्यावकाशम्’ म्हणतात. मुळात होती ती ‘मोकळी जागा’. कामांमधली मोकळी जागा सुट्टी झाली, ग्रहताऱ्यांमधली अंतराळ झाली, काही करायला मिळालेली जागा संधी झाली, आणि जी जागा कोणी हिरावून घेऊ शकत नाही ती हक्क झाली. प्रत्येक भाषेने एका कल्पनेचा वेगळा कोपरा पकडून ठेवला. संस्कृत येते म्हणून सगळ्या भारतीय भाषा आपोआप कळतात, असे मानणाऱ्यांनी हा एक शब्द तपासून पाहावा.

‘प्रपंच’ मराठीत घरसंसार आहे, हिंदीत लबाडीचा खटाटोप, तेलुगूत अख्खे जग. ‘उपन्यास’ हिंदी आणि बंगालीत कादंबरी, कन्नड आणि तेलुगूत व्याख्यान. कर्नाटकातल्या महाविद्यालयात ‘उपन्यासक’ म्हणजे शिकवणारे अध्यापक. आणि आपण कादंबरीला जे नाव दिले ते मुळात एका व्यक्तिरेखेचे, सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या नायिकेचे. कन्नडनेही कादंबरीच म्हटले. वलसाडच्या बाजारात गुजराती वर्तमानपत्र उघडले तर रस्त्यावरच्या अपघाताच्या बातमीवर ‘अकस्मात’ असे लिहिलेले दिसेल. आणि ‘आपघात’ हा शब्द दिसला तर ती बातमी आत्महत्येची असेल. पालघर जिल्ह्यापासून ही सरहद्द हाकेच्या अंतरावर आहे.

हे सगळे गमतीचे म्हणून सोडून देता आले असते. पण सरकारी कागद आणि कंपन्यांची पत्रके जिथे शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित होतात, तिथे गंमत संपते. संविधानात बदल झाला की हिंदीत त्याला ‘संशोधन’ म्हणतात. मराठीत ती घटनादुरुस्ती; संशोधन म्हणजे दडलेले सत्य शोधून काढणे. १९१० साली वि. का. राजवाडे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले ते इतिहासाची कागदपत्रे शोधण्यासाठी. हिंदीच्या सवयीने वाचणाऱ्याला त्याच नावातून इतिहासात फेरफार करणारे मंडळ दिसेल. हिंदीतला ‘सूचना का अधिकार’ मराठीत माहितीचा अधिकार आहे, कारण मराठीत सूचना म्हणजे करायची गोष्ट सांगणे किंवा सुचवणे. हिंदी मसुद्यावरून घाईने केलेल्या मराठी पत्रकात “पुढील सूचना लवकरच देण्यात येईल” असे वाक्य आले तर शेतकऱ्याने काय समजावे? माहिती येणार आहे, की त्याला काही करायला सांगणार आहेत? विम्याचा, कर्जाचा, भरपाईचा कागद असेल तर या फरकावर माणसाचे पैसे अडकतात.

‘राजीनामा’ हा तर कोर्टकचेऱ्यांतला शब्द. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी राजी होऊन केलेला समझोता. नोकरी सोडणे म्हणजे ‘इस्तीफा’. मराठी, गुजराती आणि कन्नड या तिन्ही भाषांत राजीनामा म्हणजे पद सोडणे. हा फरक आला कुठून? जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात त्याचा धागा सापडतो. जमीन सोडणारा खातेदार ‘राजीनामा’ लिहून देई आणि ती घेणारा ‘कबुलायत’ देई. राजीखुशीने हक्क सोडल्याचा तो कागद होता. तिथून खुर्ची सोडल्याच्या कागदापर्यंत फार अंतर नाही. तीन भाषांचा एक अर्थ आणि हिंदीचा वेगळा, यामागे इलाख्याच्या जुन्या कारभाराची सावली दिसते. शब्दकोशात केवळ ‘फारसी’ एवढे लिहून थांबले की ही सगळी गोष्ट हरवते.

आता आपल्या ताटातल्या शब्दाकडे. वडापाव, मिसळपाव, पावभाजी यांतला पाव कुठला? दोन गोष्टी सर्रास ऐकायला मिळतात. पहिली, लादीचे चौकोनी तुकडे पडतात, म्हणून पाव, चतकोर. दुसरी, पीठ पायाने तुडवत, म्हणून हिंदीतल्या ‘पाँव’वरून पाव. दोन्ही इतक्या सहज पटतात की त्यांच्यावर संशय घ्यावासा वाटत नाही. दोन्ही चुकीच्या आहेत. पाव हा पोर्तुगीज ‘पांव’, लॅटिन ‘पानिस’चा वंशज. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या भट्ट्यांबरोबर हा शब्द किनाऱ्याला लागला. पुरावा आजही गोव्यात पहाटे सायकलवरून येतो. मागे निळ्या प्लॅस्टिकने झाकलेली टोपली, हँडलला भोंगा, आत पोई, उंडे, कांकणां. भोंगा वाजला की घरोघरची माणसे फाटकाशी येतात. त्या पाववाल्याला गोंयकार ‘पोदेर’ म्हणतो, आणि पोदेर म्हणजे पोर्तुगीज ‘पादेरो’, पाव भाजणारा. वस्तू, ती करणारा आणि त्याची भट्टी एकाच गावाहून आली असेल तर शब्दाचे गाव वेगळे शोधायचे कशाला?

आणि तरी चतकोर हा पावही खराच आहे. तो संस्कृत ‘पाद’, म्हणजे पाय, म्हणजे चौथा भाग. पावशेरातला पाव तो. त्याच्याच घरचे ‘पाऊण’, पाद उणा, ‘सव्वा’, पादासह. पावकी-निमकीचे पाढे पाठ केलेल्या पिढीच्या जिभेवर हे घराणे अजून आहे. “देव पावला” यातला पावणे हे क्रियापद तिसरेच: संस्कृत ‘प्राप्’, मिळणे, पोचणे, हिंदीतले ‘पाना’ तेच. आणि कोल्हापूर-सांगलीकडे “पावणं पावणेदोनला आलं” म्हणतात, त्यातला पहिला शब्द पाहुणा, संस्कृत ‘प्राघुणक’; दुसरा त्या चतकोराचा. चार शब्द, चार उगम. बोलणाऱ्याला त्यांची कधी अडचण होत नाही, कारण वाक्य प्रत्येकाला त्याच्या जागी बसवते. अडचण होते ती गोष्टी रचणाऱ्यांना.

पोर्तुगीजातून आलेल्या शब्दांचा मागोवा कोणी घेतलाच नाही, असेही नाही. बार्देशातल्या आसगावात १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे पोचले, याचा मोठा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. बटाटा, काजू, अननस, चावी, पगार असे शब्द मराठी माणूस दिवसातून कितीदा वापरतो! त्यांचा शोध घेणारा हा कोकणी माणूस मराठी शाळेच्या पुस्तकात मात्र भेटत नाही. त्याची खंत वाटते.

या पोर्तुगीज प्रवासातच एक चांगला धडा आहे. जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात. तोही पोर्तुगीज खलाशांनीच नेलेला, हे पक्के आहे. मग जपानी ‘अरिगातो’ हा धन्यवादही पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला असेल ना? जगभर लोक तसे सांगतात. पण पोर्तुगीज जपानला पोचले १५४३ मध्ये, आणि ‘दुर्लभ’ अशा अर्थाचे ‘अरिगाताशी’ हे विशेषण जपानी वाङ्मयात त्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहे. अरिगातो त्यातून निघाला. दोन शब्द, दोन्ही पोर्तुगीजासारखे दिसणारे. एक खरा, एक भास. कोणता खरा हे दिसण्याने ठरले नाही, जुन्या लिखाणाने ठरले.

ऑस्ट्रेलियातले उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. १९६०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे क्वीन्सलँडमधली म्बाबाराम ही जवळजवळ लोपलेली भाषा नोंदवत होते. कुत्र्याला काय म्हणतात, असे विचारल्यावर उत्तर आले: ‘डॉग’. इंग्रजीतून उचललेला शब्द म्हणून कोणीही तो बाजूला टाकला असता. पण आसपासच्या भाषांत त्याच प्राण्याला ‘गुडागा’सारखे शब्द आहेत, आणि म्बाबाराममध्ये शब्दांची सुरुवात ठरावीक रीतीने गळत गेली आहे. गुडागाचा डॉग त्या नियमाने होतो. इंग्रजीशी त्याचे काही देणेघेणे नाही. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थही तोच, तरी नाते नाहीच.

मग नाते ठरते कशावरून? ध्वनींच्या नियमित बदलावरून. संस्कृत ‘क्ष’चे मराठीत बऱ्याचदा श किंवा स झाले आणि हिंदीत ख. क्षेत्राचे आपले शेत, त्यांचे खेत. मक्षिकेची माशी आणि मक्खी. इक्षूचा ऊस आणि ईख. कुक्षीची कूस आणि कोख. अपवाद आहेत, आणि प्रत्येक अपवादाचे कारण शोधावे लागते. पण ही रांग एकदा दिसली की शब्द वेगळेच दिसू लागतात. मराठी माशी आणि मासा शेजारी उभे केले तर बहीण-भाऊ वाटतात. नाहीत. मासा मत्स्याचा. माशीची खरी बहीण हिंदीतली मक्खी, जिचा तोंडवळा तिच्याशी जुळत नाही. गुजराती ‘मासी’ तर तिसरीच, ती आपली मावशी. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसहून निघाला, त्यात अशा बदलांचा हिशोब मांडला आहे. त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली.

हीच पद्धत आणखी मागे नेली की ‘बाजू’ आणि ‘बाही’ची भेट होते. सदऱ्याची बाही संस्कृत ‘बाहु’ची. रस्त्याची बाजू फारसी ‘बाझू’ची, आणि फारसीत त्याचा अर्थ दंड, हात. फारसी बाझू आणि संस्कृत बाहु ही एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे आहेत. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेले ते दोघे मराठीत पुन्हा एका सदऱ्याजवळ आले. इंग्रजीत झाडाच्या फांदीला ‘बाउ’ म्हणतात, तीही याच कुळातली. हे ऐकून अंगावर रोमांच उभे राहतात, आणि ते राहावेतही. कारण हे नाते कोणी कल्पनेने जुळवलेले नाही. ध्वनी, अर्थ आणि जुने ग्रंथ या तिन्हींची साक्ष त्याला आहे.

त्या साक्षीशिवाय जुळवलेल्या नात्यांचा आपल्याकडे सुकाळ आहे. पु. ना. ओक यांनी व्हॅटिकनला ‘वाटिका’ आणि ख्रिश्चन धर्माला ‘कृष्णनीती’ ठरवले. व्हॅटिकन हे रोममधल्या टेकडीचे नाव ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनचे आहे, याची दखल घ्यायची गरज त्यांना वाटली नाही. मोबाइलवर अशी यादी आजही फिरत असते: अमुक इंग्रजी शब्द संस्कृतातून, तमुक अरबी शब्द मराठीतून. वाचणाऱ्याला अभिमान वाटतो, तो पुढे पाठवतो. राजवाड्यांसारख्या तपस्वी संशोधकाच्याही काही व्युत्पत्त्या पुढच्या अभ्यासात टिकल्या नाहीत; पण ते जुनी कागदपत्रे उपसत होते, आपले म्हणणे तपासायला खुले ठेवत होते. या याद्यांमध्ये ते कष्ट नाहीत. संस्कृत आणि इंग्रजीचे खरे नाते त्यांच्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. ‘चक्र’ आणि इंग्रजी ‘व्हील’, ‘शत’ आणि ‘हंड्रेड’ ही मुळातली भावंडे. त्यांच्यात दिसायला काहीही साम्य उरलेले नाही.

घरातल्या नात्यांचे शब्द या बाबतीत सगळ्यात फसवे. ‘ताई’ म्हणजे आपली थोरली बहीण. हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, ताऊची, बायको. तो शब्द ‘तात’पासून आला. कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई, आणि त्याचे नाते तमिळ ‘ताय्’शी. सोलापुरात ही तिन्ही नाती एका चाळीत राहू शकतात. ‘काका’ पंजाबीत लहान मुलगा. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. रोमन याकोबसन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या निबंधात याचे कारण दाखवले: तान्ह्या मुलाला म, प, त असे ओठादातांचे आवाज आधी जमतात, आणि ते कोणाला उद्देशून आहेत हे मोठी माणसे ठरवतात. त्यामुळे अशा शब्दांतल्या साम्यावरून भाषांचे नाते सांगायला जाणकार धजत नाहीत.

शब्द बदलू नयेत, असा इथे आग्रह नाही. फोनवर ऐकू येणारा “क्रमांक व्यस्त आहे” हा संदेश हिंदीच्या वळणाचा आहे. गणितात व्यस्त प्रमाण शिकलेल्या मराठी मुलाला तो आधी खटकला असेल. आता तो रुळला. शिक्षा, चेष्टा, संसार यांनीही कधीतरी अर्थ बदललेच होते. पण ते बदल बोलणाऱ्यांनी घडवले, पिढ्यान्‌पिढ्या. आजचे बदल पुष्कळदा भाषांतराच्या घाईतून येतात, आता यंत्राच्या घाईतून, आणि ते तपासणारे कोणी नसते. भाषांतरकाराला दर शब्दाला चिल्लर देणाऱ्या व्यवस्थेने हा दोष ओढवून घेतला आहे.

तपासायचे तर साधन हवे. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ निघाला १९४६ मध्ये. त्यानंतर टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश आला, बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश आला, १९९९ मध्ये शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आला. या सगळ्या कामाच्या उजेडात मराठी शब्दांची मुळे नव्याने मांडणारा, सामान्य वाचकाच्या हाती पडेल असा कोश झाला पाहिजे. मोल्सवर्थचा आणि दाते-कर्वे यांचा कोश आज कोणालाही घरबसल्या शोधता येतो, तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, जिथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी आठवणी जमवल्या. या दर्जाच्या नावाने जो पैसा येईल, त्यातला पहिला वाटा या कोशाला मिळावा. प्रत्येक शब्दापुढे तो पहिल्यांदा कोणत्या लिखाणात सापडतो ते असावे: लीळाचरित्र, शिवकाळातले पत्र, एकोणिसाव्या शतकातले वर्तमानपत्र, जे असेल ते. शेजारच्या भाषांत त्याचा अर्थ काय हे असावे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी रूपे असावीत. कन्नड, तेलुगू, गुजराती आणि कोकणीचे जाणकार त्या कामावर पगारी असावेत, मानधनावर नव्हे. आणि तो मोबाइलवर फुकट उघडावा, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत हिंदी परिपत्रकाचे मराठी करणाऱ्या कारकुनाला ‘सूचना’ या शब्दाशी थांबून पाहता येईल.